वस्तऱ्याआधीचे पाणी

नाशिकच्या रामकुंडावर पहाटे, यात्रेकरूंची गर्दी अजून घाटाच्या पायऱ्यांवर पसरलेली नसते अशा वेळी, क्षौरासाठी पाटावर बसलेल्या माणसाजवळ क्षणभर थांबून पाहिले, तर न्हाव्याला वस्तऱ्याला हात घालण्याची मुळीच घाई नाही हे चटकन ध्यानात येते. धोकटी उघडून, वाटीत गोदेचे पाणी घेऊन, तो ते बोटांच्या टोकांनी मस्तकावर चोळू लागतो. कानशिलांपासून मानेच्या खळगीपर्यंत, पुन्हा मानेपासून टाळूपर्यंत, साबणाचा फेस नाही की काही नाही, केवळ पाणी आणि अंगठ्याचा दाब. आणि असे बराच वेळ चालल्यावर, केसांचे मूळ व त्याभोवतीची त्वचा ही दोन्ही मऊ पडल्याची खात्री त्याच्या बोटांनाच पटली, म्हणजे मग कोठे वस्तरा चामोट्यावर दोन-चार वेळा फिरतो. लहानपणी आजोबांच्या वर्षश्राद्धाला मी त्या घाटावर उभा होतो, आणि इतके पाणी कशाला, असे मी तेथल्या वृद्ध न्हाव्यांना विचारले होते. वस्तरा दोन मिनिटांचा, काम सगळे पाण्याचे, असे त्यांनी मान वर न करता सांगितले. त्या वाक्याचा अर्थ मला पुढे पुष्कळ वर्षांनी, एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात बसलो असताना उलगडला.

त्वचेवर आम्लाचा लेप लावून तिचा वरचा जीर्ण थर सोलून काढण्याचा जो उपचार आज 'केमिकल पील' या नावाने कॉलेज रोडपासून गंगापूर रोडपर्यंतच्या दवाखान्यांत चालतो, त्याचा इतिहास सांगणारे बहुधा लेपाचाच इतिहास सांगतात: कोणते आम्ल कोणी शोधले, कोणी प्रथम चेहऱ्यावर लावले, कोणाला यश आले. मला त्या लेपाच्या आधीच्या दिवसांविषयी लिहावयाचे आहे. लेप त्वचेवर असतो तो काही मिनिटे. त्याच्या आधी दोन-चार आठवडे त्वचेची जी सिद्धता करावी लागते, तिच्यावर त्या मिनिटांचे सारे फलित अवलंबून असते. आणि ही सिद्धता आमच्या गावाला, आमच्या शास्त्राला आणि आमच्या घरांना फार जुन्या काळापासून ठाऊक होती, असे माझे मत आहे.

नाशिकचे नावच मुळी शरीराच्या एका अवयवावरून पडले, अशी लोकांची श्रद्धा आहे. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, म्हणून हे नासिकाक्षेत्र. मोगलाईत याच गावाला गुलशनाबाद म्हणत, फुलबागांचे गाव. पेशवाईत पुन्हा जुने नाव दप्तरी रुजू झाले. नाकाची गोष्ट निघालीच आहे, तर आणखी एका नाकाचे स्मरण येथे करणे अप्रस्तुत होणार नाही. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात कावसजी नावाच्या एका गाडीवानाची हकिकत छापून आली. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या या माणसाला टिपूने कैद करून त्याचे नाक व एक हात तोडला होता, आणि पुढे पुण्याजवळ, वीटकाम करणाऱ्या जातीच्या एका शस्त्रवैद्याने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले होते. त्या हकिकतीने युरोपातील शस्त्रवैद्य थक्क झाले ते शस्त्रक्रियेने. मला मात्र तिच्यातला आरंभीचा तपशील अधिक मोलाचा वाटतो: त्या वैद्याने प्रथम मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून त्याला आकार दिला, मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ आखली, आणि एवढे झाल्यावरच शस्त्र उचलले.

सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे तीन भाग सांगितले आहेत: पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. हा विभाग वाचताना सामान्य वाचक पहिल्या पदावर थांबत नाही. तो मधल्याकडे धाव घेतो. परंतु ग्रंथकर्त्याने पूर्वकर्माला स्वतंत्र नाव दिले, म्हणजे ते स्वतंत्र कर्म मानले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आजच्या लेपाशी ज्याचे जवळचे नाते लागते तो उपचार याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात, क्षारपाकविधीच्या अकराव्या अध्यायात वर्णिला आहे. मोखा, ज्याला ग्रंथात मुष्कक म्हटले आहे, त्या वृक्षाची लाकडे जाळावयाची, राख सहापट पाण्यात कालवून एकवीस वेळा गाळावयाची, आणि ते निथळ पाणी आटवून मृदू, मध्यम व तीक्ष्ण असे तीन प्रतींचे क्षार सिद्ध करावयाचे. हे क्षार बाहेरून कोणत्या विकारांवर लावावेत याची जी गणना दिली आहे, तिच्यात दद्रू आहे, चामखीळ आहे, तीळ आहे, आणि व्यंग आहे. हे व्यंग म्हणजेच आमच्या बायका आजही ज्याला 'वांग' म्हणतात ते, गालांवर व नाकाच्या कडेने पसरणारे तपकिरी डाग. दवाखान्यात येऊन नाशिकची गृहिणी डॉक्टरांना "वांग आलेत" असे सांगते, तेव्हा ती नकळत दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द उच्चारीत असते. आणि त्याच दवाखान्यात त्याच वांगासाठी त्वचा सोलण्याचा उपचार तिला सुचविला जातो, हा योगायोग मला नेहमीच हृद्य वाटत आला आहे.

आता क्षार लावण्याची रीत पाहावी. रोग्याला वारा व ऊन नसलेल्या जागी बसवावे. रोगाचे स्थान पाहून ते आधी घासावे, किंवा खरवडावे, किंवा त्यावर बारीक चरे द्यावेत. आणि मग शलाकेने क्षार लावून शंभर मात्रा, म्हणजे शंभर ऱ्हस्व अक्षरे उच्चारण्यास लागेल इतका वेळ, थांबावे. जागा पिकलेल्या जांभळासारखी काळसर झाली म्हणजे दाह योग्य झाला असे समजावे, आणि मग आंबट द्रव्ये तुपात व ज्येष्ठमधात कालवून लावावीत, म्हणजे क्षार शमतो. आंबट तर स्वतःच उष्ण. त्याने आग कशी शमेल, असा प्रश्न ग्रंथकर्ता स्वतःच उपस्थित करतो आणि उत्तरही देतो: क्षारात सगळे रस आहेत, एक आंबट तेवढा नाही. त्याच्याशी आंबटाचा संयोग झाला की तीक्ष्णपणा जाऊन माधुर्य येते. आज ग्लायकोलिक आम्लाचा लेप तीन मिनिटांनी उतरवताना खाण्याच्या सोड्याचे पाणी फिरवले जाते, तेव्हा हेच गणित उलट बाजूने मांडलेले असते. तेथे क्षाराला आम्लाने शमविले, येथे आम्लाला क्षाराने. आणि हेही विसरता कामा नये की क्षार कोणाला लावू नये याची यादी ग्रंथाने तितक्याच काळजीने दिली आहे: दुर्बळ, बाल, वृद्ध, भित्रा, गर्भिणी, रजस्वला. ज्या हाताला नकार देता येतो, त्याच हातात तीक्ष्ण औषध द्यावे, हे त्या काळच्या वैद्यांना कळले होते.

परंतु शास्त्र पोथीत राहते. सामान्य घरात राहतो तो शिरस्ता. आमच्या आजीच्या वाड्यात दिवाळीच्या उटण्याची तयारी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होई. 'उटणे' हा शब्द संस्कृत 'उद्वर्तन' यातून आला, हे तिला ठाऊक नव्हते. पण नागरमोथा किती, वाळा किती, कापूरकाचरी, गव्हला, आंबेहळद, संत्र्याची साल आणि गुलाबाच्या पाकळ्या किती, याचा जाबता तिच्या डोक्यात पक्का होता. संत्र्याची साल ती माजघराच्या खिडकीत सुकवी. उन्हात सुकवली की तिचा वास उडतो, असे सांगे. सारे खलबत्त्यात कुटून झाले की वस्त्रगाळ करावयाचे. आणि वस्त्रगाळ म्हणजे जुन्या, धुऊन धुऊन विरळ झालेल्या मलमलीच्या धोतरातूनच, चाळणीतून नव्हे. तो धुरळा हवेत उडे, आम्हा मुलांना शिंका येत, आणि ती त्या मऊ पिठात दोन बोटे फिरवून, बोटांना एखादा खडा लागला तर सारे पुन्हा कपड्यावर घेई. एक कण राहिला तरी गालावर रेघ ओढतो, हे तिचे म्हणणे.

याच वाड्यात एखाद्या मुलीचे लग्न ठरले म्हणजे दुसरी तजवीज सुरू होई, आणि ती मला आज विशेष महत्त्वाची वाटते. हळदीचा दिवस हा प्रधानकर्माचा दिवस. त्याच्या आधी तीन-चार आठवडे मुलीच्या अंगाला मसुरीचे पीठ दुधात भिजवून लावीत, रात्री साय चोळीत, टाचांवर वज्री फिरवीत, आणि नवे उटणे चेहऱ्याला लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला, जेथे कातडी सर्वांत नाजूक तेथे, चिमूटभर लावून रात्रभर ठेवीत. सकाळी तेथे लाली दिसली तर ते उटणे त्या मुलीसाठी बाद. हळद लागल्यावर उंबरठा ओलांडावयाचा नाही, ही वहिवाट तर महाराष्ट्रात घरोघर होती. कारण दृष्टीचे सांगत, परंतु दृष्टीबरोबर ऊनही उंबरठ्याबाहेरच राही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सहा ऋतूंचे सहा मुखलेप सांगितले आहेत, लेपाची जाडी बोटाचा चौथा, तिसरा किंवा अर्धा भाग अशी मोजून दिली आहे, लेप वाळू देऊ नये, ओला करूनच काढावा, आणि लेप असताना विस्तव व ऊन टाळावे असे बजावले आहे. आजीने वाग्भटाचे नावही ऐकले नसेल. तरी तिच्या घरात लेप वाळून तडकला तर ती हातातले काम टाकून धावत येई.

या साऱ्याला मी सुवर्णयुग म्हणणार नाही. माझ्या एका आत्तेबहिणीने, कोणाच्या तरी सांगण्यावरून, हळदीत लिंबू पिळून ते तोंडाला चोळले आणि तशीच ती वैशाखाच्या उन्हात गच्चीवर कुरडया घालावयास गेली. दोन दिवसांनी हनुवटीपासून मानेपर्यंत, रस ओघळला होता तेथे तेथे, काळ्या रेघा उमटल्या, आणि त्या पुरत्या जावयास कित्येक महिने लागले. लिंबाच्या सालीत सोरॅलेन जातीची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले की त्वचा भाजते आणि मागे काळिमा राहतो. बावचीच्या बियांतही तीच द्रव्ये आहेत, म्हणूनच तिचा उपयोग कोडावर ऊन देऊन करीत आले. वस्तू घरातली आहे म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. आजीचे सामर्थ्य तिच्या वस्तूंत नव्हते. कोपरावर चिमूटभर लावून रात्रभर वाट पाहण्यात होते.

आता युरोपकडे वळू. १७७० च्या सुमारास कार्ल शेले या स्वीडिश औषधविक्रेत्या रसायनज्ञाने द्राक्षमद्याच्या पिपांत साचणाऱ्या खड्यांपासून टार्टारिक आम्ल वेगळे केले. १७८० साली त्याने आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल काढले, आणि १७८४ साली लिंबातून सायट्रिक आम्ल. विनंती आहे की नाशिककराने ही यादी आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर मांडून पाहावी. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत येथली द्राक्षे टार्टारिक आम्लाने भरलेली, ज्या उसाच्या रसात ग्लायकोलिक आम्ल सापडते तो ऊस गोदाकाठी उभा, दूध-दही घरोघर. सॅलिसिलिक आम्लाचे मूळ ज्या विलो वृक्षाच्या सालीत, त्याच कुळातला वाळुंज दख्खनच्या नद्यांच्या काठी उगवतो. अर्थात बाटलीतले आजचे आम्ल कारखान्यातून येते, बागेतून येत नाही. आणि द्राक्षे चेहऱ्यावर चोळून पील होत नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण तसे समजणारे लोक मला भेटले आहेत.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्याचा खंड १८८३ साली छापला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, हॅम्बुर्गच्या पॉल गेर्सन उन्ना या त्वचावैद्याने सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल यांचे त्वचेवर होणारे परिणाम वर्णन करून अर्वाचीन पीलचा पाया घातला. पुढे माक्स येसनर याने रिसॉर्सिनॉल, सॅलिसिलिक आणि लॅक्टिक आम्ल प्रत्येकी १४ भाग घेऊन मद्यार्कात मिसळले. ते द्रावण त्याच्या नावाने आजही वापरात आहे. न्यूयॉर्कच्या मॅकी या वैद्याने मुरुमांच्या खड्ड्यांवर १९०३ पासून फिनॉल वापरले आणि अनुभव प्रसिद्ध केला तो १९५२ साली. दरम्यान अमेरिकेत वैद्यकाची पदवी नसलेल्या काही व्यक्ती गुप्त सूत्रांच्या बाटल्या घेऊन श्रीमंत ग्राहकांचे चेहरे सोलून देत होत्या, आणि त्या गुप्त सूत्रांतले एक द्रव्य उघडकीस आले तेव्हा ते आपल्याकडच्या प्रत्येक काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारे निघाले: जमालगोटा.

येथे थोडे थांबावेसे वाटते. १९६० नंतरच्या काळात बेकर आणि गॉर्डन या मायामीच्या शल्यवैद्यांनी फिनॉल, पाणी, द्रवसाबणाचे थेंब आणि जमालगोट्याच्या तेलाचे तीन थेंब असे सूत्र रूढ केले, आणि कित्येक वर्षे सर्व श्रेय फिनॉलला मिळत राहिले; २००० साली हेटर या वैद्याने दाखवून दिले की लेप किती खोल जाईल हे मुख्यतः त्या तेलावर ठरते. जमालगोटा म्हणजे वैद्यांचे जयपाल, जेपाळ, तीव्र रेचक. आमच्या वैद्यांनी ते बी कधी तसेच वापरले नाही. टरफल काढावयाचे, दोन दळांमधली जिभली काढून टाकावयाची, पुरचुंडी बांधून ती गाईच्या दुधात लोंबती ठेवून उकळावयाची, आणि मग ते शुद्ध झाले असे म्हणावयाचे. म्हणजे रोग्याच्या शरीराला जसे पूर्वकर्म, तसे औषधालाही. फिनॉलचा खोल पील हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतो, म्हणून तो यंत्रांच्या देखरेखीखाली करतात. आणि सावळ्या त्वचेवर तो पांढरे डाग ठेवून जाऊ शकतो, म्हणून आमच्याकडे तो जवळजवळ वर्ज्यच.

सावळ्या त्वचेचा प्रश्न येथेच पुढे येतो, आणि माझ्या मते या इतिहासाचा गाभा तोच आहे. उन्नापासून मॅकीपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती ती गोरी त्वचा. तिला इजा झाली तर ती लाल होते आणि लाली ओसरते. आमची त्वचा दुखावली की काळी पडते, आणि तो काळेपणा महिनेच्या महिने राहतो. वांग घालविण्यासाठी लावलेल्या लेपाने अधिक मोठा वांग पदरात पडावा, असा हा पेच. १९७५ साली हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिक यांनी, उन्हाने त्वचा भाजते की रापते यावरून त्वचेच्या प्रती लावण्याची रीत सुरू केली. पुढे तिचे सहा वर्ग झाले, आणि आपण बहुतेक भारतीय तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या वर्गांत मोडतो. त्याच १९७५ साली फिलाडेल्फियाच्या क्लिगमन आणि विलिस यांनी काळे डाग फिके करण्याचे एक सूत्र प्रसिद्ध केले: हायड्रोक्विनोन ५ टक्के, ट्रेटिनॉइन ०.१ टक्का आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ०.१ टक्का. त्याच्या एक वर्ष आधी व्हॅन स्कॉट आणि यू यांनी फळांत व दुधात सापडणाऱ्या आम्लांचा खवलेदार त्वचेवरील गुण दाखवून दिला होता, आणि ग्लायकोलिक पीलचा मार्ग त्यातूनच निघाला.

या शोधांच्या संगमातून आजची पूर्वसिद्धता जन्मली. त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वरच्या थरात येऊन गळून पडावयास सुमारे चार आठवडे घेते, साधारण एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत. म्हणून तयारीची मुदतही दोन ते चार आठवड्यांची. या मुदतीत रात्री ट्रेटिनॉइन लावतात, त्याने वरचा मृत थर पातळ व सारखा होतो. थर सारखा नसेल तर आम्ल एका जागी उथळ व दुसऱ्या जागी खोल उतरते, आणि जेथे खोल उतरते तेथे डाग राहतो. रंगद्रव्य बनविणाऱ्या पेशींना गप्प बसविण्यासाठी हायड्रोक्विनोन किंवा त्याच्या जातीचे दुसरे काही देतात. सकाळी, आणि दुपारी पुन्हा, सनस्क्रीन. हे सर्वांत महत्त्वाचे, आणि लोक सर्वांत आधी तेच विसरतात. लेपाच्या काही दिवस आधी ट्रेटिनॉइन बंद. आठवडाभर आधीपासून वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच सारे बंद, कारण त्या प्रत्येकाने त्वचेवर अदृश्य चरे पडतात. ओठांवर वारंवार 'जर', म्हणजे पाणीदार फोड, येण्याची सवय असेल तर विषाणूवरचे औषध आधीपासून. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत किंवा होत्या का, ही चौकशी. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली पीलविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांतही या पूर्वतयारीला स्वतंत्र स्थान आहे. सुश्रुताने तिला स्वतंत्र नाव दिले होते, हे वर आलेच आहे.

दुःखाची गोष्ट अशी की, डाग फिके करण्याचे जे सूत्र क्लिगमन आणि विलिस यांनी काही आठवड्यांच्या मुदतीसाठी, देखरेखीखाली योजले होते, त्याच्याच जातीची मलमे आमच्याकडे गावोगावच्या औषधविक्रेत्यांच्या काउंटरवरून, चिठ्ठीशिवाय, गोरेपणाचे मलम म्हणून विकली जाऊ लागली. स्टेरॉइड लावले की चार दिवसांत चेहरा उजळ व गुळगुळीत दिसतो. चार महिन्यांत त्वचा कागदासारखी पातळ होते, शिरा दिसू लागतात, बारीक लव वाढते, आणि मलम सोडले की चेहरा आगीसारखा पेटतो. पूर्वकर्मालाच प्रधानकर्म समजून, त्याची मुदत काढून टाकून, ते वर्षानुवर्षे चालविल्याचे हे फळ. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई करणारी अधिसूचना काढली. तरीही, द्राक्षबागेत दिवसभर उन्हात डिपिंग-थिनिंगची कामे करून आलेली एखादी मजूर बाई चुरगळलेली ट्यूब पदराच्या गाठीतून काढून डॉक्टरांपुढे ठेवते, तेव्हा तिला कोणी काय सांगितले नव्हते, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकला, म्हसरूळच्या बाजूला आहे. त्वचारोगाचा पदवीधर आणि आयुर्वेदाचा पदवीधर, दोघांनाही पदवी तेथूनच मिळते. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे. पूर्वकर्म हा शब्द एका विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून पाठ असतो. दुसऱ्याला तीच गोष्ट इंग्रजी शब्दाने शिकवतात. या दोघांनी एका बाकावर बसून एकमेकांच्या वह्या पाहाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्या पुतणीचे लग्न मार्गशीर्षात ठरले, आणि हळदीला अकरा दिवस उरले असताना ती गालावरच्या मुरुमांच्या डागांसाठी दवाखान्यात गेली. मी सोबत होतो. डॉक्टरबाईंनी तिचा चेहरा भिंगाखाली पाहिला, भुवया कधी कोरल्या ते विचारले, द्राक्षांच्या हंगामात मामाच्या मळ्यावर किती दिवस होतीस तेही विचारले, आणि शांतपणे सांगितले की लग्नाआधी पील करणार नाही. ती रडवेली झाली. "अकरा दिवसांत मला तुझी त्वचा ओळखताही येणार नाही," असे म्हणून त्यांनी तिला साधा साबण, सनस्क्रीन आणि एक सौम्य मलम लिहून दिले आणि लग्नानंतर यावयास सांगितले. हळदीच्या दिवशी तिच्या गालांवर ते डाग होते, आणि त्यांवर हळद लावताना तिची आई ओक्साबोक्शी रडत होती. त्या रडण्याचा डागांशी काही संबंध नव्हता.

पौष संपता संपता ती पुन्हा गेली. पाच आठवडे चालले. रोज रात्री वाटाण्याएवढे मलम. पहिल्या आठवड्यात साल निघाली, नाकाच्या कडा चुरचुरल्या, म्हणून एक दिवसाआड. घरातून निघताना आणि दुपारच्या डब्याच्या वेळी सनस्क्रीन, त्यासाठी तिने फोनमध्ये घंटा लावून ठेवली होती. चौथ्या आठवड्यात कानामागे, केसांच्या आड, एका नखाएवढ्या जागेवर आम्लाचा थेंब लावून पाहिला, आणि काही दिवसांनी ती जागा उजेडात नेऊन तपासली. तेथे काळे पडले नव्हते. हे पाहताना मला कोपराच्या खळगीत चिमूटभर उटणे लावणारी आजी आठवली, आणि डॉक्टरबाईंना ते सांगावे असे वाटले. पण खोलीबाहेर पाच-सहा माणसे बसली होती.

लेपाच्या दिवशी तिचे केस पट्ट्याने मागे बांधले, डोळ्यांवर ओली गॉज ठेवली, नाकाच्या कडांना, ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलीनची बारीक रेघ ओढली. मग डॉक्टरबाईंनी स्पिरिटमध्ये भिजवलेला गॉजचा बोळा घेतला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा पुसू लागल्या. तेलाचा अंश राहिला तर आम्ल तेथे अडते. एकदा पुसले, बोळा टाकला, दुसरा घेतला. पुन्हा कपाळापासून. कानशिलाजवळ, भुवयांच्या वर, नाकपुड्यांच्या खळगीत बोट दाबून, सावकाश. परिचारिकेने आम्लाची वाटी आणि घड्याळ दोन्ही पुढे करून ठेवली होती. डॉक्टरबाईंनी तिकडे पाहिले नाही. तिसरा बोळा घेऊन त्यांनी हनुवटीखालची जागा पुन्हा पुसली, हातमोज्याच्या पाठीने गाल चाचपला, आणि मग वाटीकडे हात केला.